वूस्टरचं बायबल, बॉस्टनचे धर्मगुरू आणि तांब्याचे पत्रे: जुनी अमेरिकी धार्मिक छापचित्रं

ठसेवाला

नमस्कार मंडळी.

जुन्या तिकिटांच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेलो की माझ्याकडे तिकिटं नाहीत, पण अमेरिकेतली जुनी धार्मिक छापचित्रं आहेत. त्यावर दोघातिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. छापचित्र म्हणजे लाकडी ठशावरून किंवा कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उतरवलेलं चित्र. काळ साधारण 1670 ते 1830. बायबलातले प्रसंग, धर्मगुरूंच्या तसबिरी, भजनांच्या पुस्तकांची मुखचित्रं, मुलांच्या अंकलिपीतले ठसे, असं सगळं त्यात येतं.

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, वूस्टरपासून गाडीने अर्ध्या तासावर. पंधरा वर्षांपूर्वी जवळच्या गावात जुन्या सामानाच्या बाजारात गेलो होतो. एका खोक्यात नकाशे, मासिकांची सुटी पानं, आणि त्यातच एक मोठं जाड पान. बायबलातला प्रसंग, आकाश सगळं आडव्या रेघांचं, खाली कडेला बारीक अक्षरांत ‘सीमोर’ असं नाव. सहज कडेने बोट फिरवलं तर चित्राभोवती चौकोनी खळगा हाताला लागला. तेव्हा कळलं नव्हतं, पण तो तांब्याच्या पत्र्याचा ठसा. शाई भरलेल्या पत्र्यावर ओला कागद ठेवून रुळाखालून काढला की कागद त्या चौकोनापुरता दबतो आणि तसाच राहतो. दोनशेवीस वर्षांपूर्वीचा दाब माझ्या बोटाला लागत होता. घरी आणलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

ते पान निघालं आयझाया थॉमसच्या 1791 च्या मोठ्या बायबलमधलं. थॉमस वूस्टरचा मुद्रक. त्याआधी 1782 मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट एटकिनने अमेरिकेतलं पहिलं पूर्ण इंग्रजी बायबल छापलं होतं, पण त्यात चित्रं नव्हती. थॉमसने तांब्यावर कोरलेली पन्नास चित्रं घातली, आणि तीही अमेरिकेतच काम करणाऱ्या चार कोरक्यांकडून करवून घेतली. सर्वात जास्त जोसेफ सीमोरची. बाकीचे हिल, नॉर्मन आणि डूलिटल. लोकांकडे रोख पैसा कमी, म्हणून थॉमसने जाहीर केलं की निम्मी किंमत गहू, राय, मका, लोणी किंवा डुकराच्या मांसाच्या रूपात दुकानी आणून दिली तरी चालेल, उरलेली रोख द्या. आपल्याकडे बलुतं धान्यात चालायचं, तसं इथे चित्रांचं बायबल लोण्यावर मिळत होतं. हे वाचल्यापासून ते पान मला शेतावरच्या घरातलं वाटतं.

आता मूळ मुद्दा. हे दुर्मीळ का? न्यू इंग्लंड (अमेरिकेचा ईशान्य भाग, मॅसॅच्युसेट्स त्यातच) वसवणारे प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनागृहात चित्र नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही, क्रूससुद्धा नाही. दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा मराठी बायबलात ‘कोरीव मूर्ती’ याच शब्दांत येते, आणि हे लोक ती शब्दशः पाळत. अशा समाजात धार्मिक चित्र कोरायला कोण धजावणार? जे कोरलं गेलं ते दोन वाटांनी. एक, पुस्तकाच्या पोटात, अक्षरांच्या आधाराने. दुसरी, धर्मगुरूंच्या तसबिरी, कारण त्या पूजेसाठी नव्हत्या, आठवणीसाठी होत्या.

त्यातली पहिली तसबीर 1670 च्या सुमाराची. बॉस्टनशेजारच्या डॉर्चेस्टरचे धर्मगुरू रिचर्ड मॅदर 1669 मध्ये वारले. त्याच गावच्या जॉन फॉस्टर या तरुणाने त्यांचं चित्र लाकडात कोरलं. इंग्रजी वसाहतींत छापलेलं हे पहिलं व्यक्तिचित्र, आणि आज त्याच्या पाच प्रती माहीत आहेत. मी एक काचेमागे पाहिली आहे. म्हाताऱ्याच्या हातात पुस्तक आणि चष्मा, दाढी पांढऱ्या-काळ्या जाड पट्ट्यांची. ठसा दोन तुकड्यांचा होता. डोकं एका तुकड्यावर, धड दुसऱ्यावर, आणि जुळणीची रेघ स्पष्ट दिसते. बारकावे कमी आहेत, हात अवघडलेला आहे. पण समोर उभं राहिल्यावर वाटतं की ज्याच्याकडे बघायला पूर्वीचं एकही चित्र नव्हतं, त्याने पहिल्यांदा माणूस कोरायला घेतला.

फॉस्टर पुढे बॉस्टनचा पहिला मुद्रक झाला आणि 1681 मध्ये तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या थडग्याच्या दगडावर सांगाडा मेणबत्ती विझवतोय आणि काळपुरुष त्याचा हात धरतोय, असं कोरलेलं आहे. प्रार्थनागृहात चित्र चालत नव्हतं, स्मशानात चालत होतं.

माझं सर्वात आवडतं मात्र कॉटन मॅदरचं मेझोटिंट, म्हणजे रेघा न कोरता तांब्याचा पत्रा खरबरीत करून उजेड-सावलीने काढलेलं छापचित्र. रिचर्डचा नातू. पीटर पेलहॅम लंडनहून बॉस्टनला आला, त्याने मॅदरला समोर बसवून रंगवलं आणि त्यावरून पत्रा तयार केला. अमेरिकेतलं हे पहिलं मेझोटिंट. खालच्या लॅटिन ओळीत वर्ष रोमन आकड्यांत 1727 आणि वय पासष्ट. मॅदर गेले 13 फेब्रुवारी 1728 ला, पासष्टावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मग 1727 कसं? त्या काळी इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे फेब्रुवारी अजून जुन्या वर्षातच. त्याच ओळीत ‘नुपेर’ हा शब्द आहे, म्हणजे ‘नुकतेच असलेले’. चित्र छापून येईपर्यंत माणूस गेला होता, हे त्या एका शब्दात आहे.

हे चित्र माझ्याकडे आहे असं मला चार वर्षं वाटत होतं. एका विक्रेत्याकडून घेतलं होतं, साठवलेल्या पैशांतून. जुनी चौकट, पिवळा कागद, मागे शाईने लिहिलेलं कुणाचं तरी नाव. चौकट बदलताना पहिल्यांदा दहापट भिंगाखाली धरलं, तर काळ्या भागात एकसारख्या ओळीत बसलेले गोल ठिपके. मेझोटिंटमध्ये असे ठिपके नसतातच. तिथे मखमलीसारखा काळा असतो. हे छायाचित्रावरून छापलेलं, फार तर शंभर वर्षांचं चित्र. कडेचा चौकोनी खळगासुद्धा नंतर मुद्दाम दाबलेला होता. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. पैसे गेले, पण त्याहून वाईट वाटलं ते हे की चार वर्षं मी ते रोज बघत होतो आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे काही असेल, कुठे पाहिलं असेल, काही विचारायचं असेल तर लिहा.

रेघोटी

ठसेवाला, वाचता वाचता हाताला शाईचा वास आला. मी जेजेमध्ये छापचित्रण शिकले, आता शिकवते. मेझोटिंटबद्दल थोडं लिहिते, म्हणजे ‘मखमली काळा’ का म्हणतात ते कळेल.

यात रेघ कोरत नाहीत. आधी रॉकर नावाचं हत्यार घेतात. अर्धगोल पातं, धारेवर बारीक दात. ते पत्र्यावर झुलवत झुलवत उभं, आडवं, तिरकं, पुन्हा तिरकं असं फिरवायचं. तळहाताएवढा पत्रा तयार करायला मला तीन दिवस लागले होते आणि मनगट आठवडाभर दुखत होतं. सगळ्या पत्र्यावर तांब्याचे बारीक केस उभे राहतात. त्या अवस्थेत छापलं तर पूर्ण काळा कागद येईल. मग जिथे उजेड हवा तिथे ते केस खरवडायचे, घोटायचे. जितकं घोटाल तितका उजेड. म्हणजे कपाळ, नाक, पांढरा टोप हे सगळं अंधारातून बाहेर काढायचं.

आणि हेच दुर्मीळ असण्याचं कारण. ते केस दर छापेला थोडे थोडे मोडतात. शंभरेक चांगल्या प्रती निघाल्या की काळा करडा पडायला लागतो. रेघेने कोरलेल्या पत्र्यावरून याच्या कित्येक पट प्रती निघतात. एकच मेझोटिंट दोन ठिकाणी दिसलं तर कॉलरच्या सावलीत बघा. गडद आणि खोल असेल ती आधीची प्रत.

प्राजक्त

लेख आवडला. दोन प्रश्न. एक, हे सगळं संग्रहालयातलं. साधा नोकरदार माणूस यात काय जमवणार? दुसरा, प्युरिटनांना चित्रांचं वावडं होतं म्हणता, मग लहान मुलांच्या अंकलिपीत ठसे कसे?

ठसेवाला

रेघोटीताई, ‘अंधारातून बाहेर काढायचं’ हे मी लिहून ठेवलं. तुमच्या सावलीच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. पेलहॅमने बॉस्टनमध्ये जॉन सिंगलटन कॉप्लीच्या विधवा आईशी लग्न केलं. हाच कॉप्ली पुढे वसाहतींतला सर्वात मोठा चित्रकार झाला. पेलहॅम 1751 मध्ये गेला, तेव्हा पोरगा तेरा वर्षांचा. दोन वर्षांनी, 1753 मध्ये, धर्मगुरू विल्यम वेलस्टीड वारले. कॉप्लीने सावत्र वडिलांचा जुना पत्रा काढला. त्यावर विल्यम कूपर या दुसऱ्या धर्मगुरूची तसबीर होती. चेहरा घोटून काढला, नवा चेहरा केला, खालचं नाव बदललं आणि झगा तसाच ठेवला. दोन्ही छापा शेजारी ठेवल्या की घडीला घडी जुळते. पंधरा वर्षांच्या मुलाचं पहिलं छापचित्र, आणि ते वडिलांच्या पत्र्यावर. मला यात काटकसरीपेक्षा शिकण्याची ओढ जास्त दिसते.

प्राजक्त, दुसऱ्या प्रश्नापासून. मुलांना अक्षर शिकवायचं ते बायबल वाचता यावं म्हणून. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ हे पुस्तक बॉस्टनमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी निघालं. आज हाती असलेली सर्वात जुनी प्रत 1727 ची. पहिल्याच अक्षराला अ‍ॅडमचा ठसा आणि यमक जुळवलेल्या दोन ओळी: अ‍ॅडम पतन पावला, त्याच्याबरोबर आपण सगळे पापी झालो. आपण ‘अ अननसाचा’ शिकलो, इथली मुलं पहिल्या अक्षराला हे शिकत. पुढे जॉन रॉजर्सचा ठसा. 1555 मध्ये लंडनला त्यांना जिवंत जाळलं, आणि चित्रात बायको आणि रांगेत मुलं उभी. तो ठसा पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा कोरला गेला. प्रत्येक छापखान्यात मुलांचे चेहरे वेगळे, ज्वाळा वेगळ्या. हे पुस्तक पोरांनी वापरून चिंध्या केलं, म्हणून आता मिळत नाही. उलट, संग्रहात जपून ठेवलेली जाडजूड प्रवचनं ढिगाने मिळतात.

थॉमसने 1788 मध्ये मुलांसाठी ‘हायरोग्लिफिक बायबल’ काढलं, त्यात जवळजवळ पाचशे लाकडी ठसे आहेत. वचनातल्या शब्दाच्या जागी चित्र: हात, डोळा, घर, मेंढी. मुलाने चित्र ओळखून ओळ पूर्ण करायची. त्याचं एक मूळ पान मी वाचनालयात हातात घेतलं होतं. एका मेंढीवर कुणीतरी पेन्सिलीने चष्मा काढला होता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अठराव्या शतकातल्या तसबिरी विसरा. पण 1820 नंतरचं पुष्कळ काही साध्या माणसाच्या आवाक्यात आहे. अलेक्झांडर अँडरसन हे नाव लक्षात ठेवा. न्यू यॉर्कचा, 1775 चा जन्म, शिकलेला डॉक्टर. 1798 च्या पिवळ्या तापाच्या साथीत घरचे बहुतेक सगळे गेले. डॉक्टरकी सोडली आणि आयुष्यभर लाकूड कोरत बसला, चौऱ्याण्णव वर्षांचा होईपर्यंत जगला. हे लाकडी ठसे आडव्या धाग्याच्या फळीवरचे नव्हेत. बॉक्सवूड नावाचं कठीण लाकूड खोडाला आडवं कापायचं आणि त्या टोकाच्या बाजूवर तांब्यासारखं बारीक कोरायचं. अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी 1825 मध्ये न्यू यॉर्कला स्थापन झाली, तिच्या पुस्तिकांसाठी त्याने पुष्कळ ठसे केले. पुस्तिका बारक्या, दोन-चार पानांच्यासुद्धा. मला एका बंद पडलेल्या दुकानाच्या लिलावात अशा सात एका दोऱ्यात बांधलेल्या मिळाल्या. दोऱ्याची गाठ मी अजून सोडलेली नाही.

सदाफुली

मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहते. तुम्ही सगळे बॉस्टनचं लिहिताय, इथल्या जर्मन लोकांकडे कोण बघणार? इंग्रजी बायबलच्या कितीतरी आधी, 1743 मध्ये, ख्रिस्टोफ साऊरने जर्मनटाऊनला जर्मन बायबल छापलं होतं.

पण मला एफ्राटाबद्दल सांगायचंय. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर त्या मठाच्या लाकडी इमारती अजून उभ्या आहेत. दारं इतकी बुटकी की वाकूनच आत जावं लागतं. तिथल्या ब्रह्मचारी बांधवांनी 1748 च्या सुमाराला मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठी हुतात्म्यांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ डच भाषेतून जर्मनमध्ये आणून छापला. पंधराशेवर पानं, वसाहतींच्या काळात इथे छापलेलं सर्वात मोठं पुस्तक. पंधरा माणसं तीन वर्षं खपत होती. कागदही त्यांचाच, छपाई त्यांची, बांधणी त्यांची.

आता छापचित्राची गोष्ट. ग्रंथाला कोरीव मुखचित्र होतं आणि त्यात बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देताना दाखवला होता. एफ्राटाचे लोक तसाच देत. मेनोनाइट डोक्यावर पाणी ओतत. ज्यांनी ग्रंथ छापून घेतला त्यांनाच ते चित्र पटेना, म्हणून काही प्रतींत ते आहे, काहींत नाही. चित्र दुर्मीळ झालं ते कुणी फाडलं म्हणून नव्हे, श्रद्धेने नाकारलं म्हणून. पुढे स्वातंत्र्ययुद्धात न विकलेले छापील कागद सैन्याने काडतुसांच्या गुंडाळ्या करायला नेले. हुतात्म्यांच्या, शस्त्र न उचलणाऱ्या लोकांच्या ग्रंथाचे कागद. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या बुटक्या दारात बराच वेळ उभी होते.

कृष्णाकाठ

मिरजेहून लिहितोय. तांब्याचे पत्रे म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या मिरजेत 1805 मध्ये भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर बालबोध अक्षरं कोरूनच. मूळ खटपट नाना फडणविसांची, पुण्यात तांबटाला अक्षरं कोरायला शिकवण्याची. नाना 1800 मध्ये गेले आणि काम थांबलं. मग तो कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांनी ते पुरं करवलं. थॉमसचं बायबल 1791, आमची गीता 1805. चौदा वर्षांचं अंतर आणि तेच तांबं. दोघांनाही अक्षर उलटं कोरायचं होतं.

रेघोटी

कृष्णाकाठ, उलट्या अक्षराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. काही जुन्या छापांत एखादं अक्षर उलटं राहिलेलं सापडतं, किंवा आशीर्वाद देणारा हात डावा दिसतो. म्हणजे कोरक्याने समोरचं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं आणि छापल्यावर ते फिरलं. कोणती छाप मूळ आणि कोणती तिची नक्कल, हे अशा हातावरून ताडता येतं.

जुनीपानं

माझा जुन्या पुस्तकांचा व्यवसाय आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. ठसेवाला, तुमचं पहिलं पान बायबलमधून सुटं झालेलं. अशी सुटी पानं घेऊ नका असं लोक म्हणतात. पण बांधणी गेलेलं, वाळवी लागलेलं, अर्धी पानं नसलेलं पुस्तक रद्दीत जाण्यापेक्षा त्यातली वीस चित्रं वीस घरांत जपली गेली तर वाईट काय? संपूर्ण बायबल विकत घेणारा आणि ठेवायला जागा असणारा गिऱ्हाईक मला वर्षात एक भेटतो.

ठसेवाला

जुनीपानं, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझ्या त्या पहिल्या पानाच्या डाव्या कडेला शिलाईची पाच भोकं आहेत. सुरुवातीला मला ती छान वाटायची, जुनेपणाची खूण म्हणून. नंतर एका प्रदर्शनात तेच बायबल अखंड पाहिलं. समोरच्या पानावर मजकूर, आणि मजकुराच्या पानावर चित्राची फिकट तपकिरी सावली उमटलेली. दोनशे वर्षं दोघं समोरासमोर मिटून राहिल्याने शाईचं तेल पलीकडे उतरलेलं. माझ्या पानाचीही अशी सावली कुठल्यातरी बायबलमध्ये आहे, आणि तिच्यासमोर आता काही नाही.

ज्याचं पुस्तक आधीच गेलेलं आहे ते पान घ्यावं, हे मला मान्य. पण आज बाजारात धडधाकट पुस्तकं फोडली जातात, कारण पन्नास पानं सुटी विकून जास्त पैसे येतात. घेणारे आपणच. म्हणून मी आता विक्रेत्याला सरळ विचारतो, हे पान कधी सुटं झालं? कापाची कड नवी, पांढरी, सरळ दिसली तर घेत नाही. जुन्या कापाची कड बाकीच्या कागदासारखीच काळवंडलेली असते. एवढं तर डोळ्यांनाही दिसतं.

जुनीपानं

कडेचं बरोबर आहे. मीही ते बघतो. शिलाईच्या बाजूची कड ताजी असेल तर माझ्या दुकानात ते पान येत नाही, हे मी लिहून देतो.

प्राजक्त

खरं-खोटं ओळखायचं एकदा सविस्तर लिहाल का? घरी काय करता येईल तेवढंच.

ठसेवाला

पान आडव्या उजेडात धरा, खिडकीपाशी सकाळी. तांब्यावरची छाप असेल तर शाई कागदावर किंचित उंच बसलेली दिसते, बोटाच्या टोकाला कधीकधी लागते. लाकडी ठशाची शाई उलट कागदात दबलेली असते आणि पाठीमागे उठाव येतो. मग पान उजेडासमोर धरा. 1790 च्या आधीच्या बहुतेक कागदात एकमेकींना लागून असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या बोट-दीड बोटाच्या अंतरावरच्या रेघा दिसतात, कारण तो तारांच्या जाळीवर हाताने उचललेला कागद असतो. त्यानंतर हळूहळू सपाट, रेघा नसलेला कागद आला. चिंध्यांचा कागद अजून लवचीक असतो. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तो कोपऱ्यात घडी घातली की तुटतो. (घडी घालून बघू नका, बोटाने हलकंच वाकवा.)

मग भिंग. ओळीत बसलेले ठिपके दिसले की थांबा. आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात धरा. कागद निळसर पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, कारण चमक आणणारी रसायनं त्याआधी कागदात नव्हती. माझं खोटं मॅदर या परीक्षेत चमकलं नसतं, ते तेवढं नवं नव्हतं. त्याला भिंगच लागलं. म्हणून एकाच परीक्षेवर विसंबू नका.

नगरी

मी या विषयातला नाही, पण धागा वाचून मावशीकडे फोन केला. आमची आजी नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. तिच्या ट्रंकेत एक लहान इंग्रजी पुस्तक आहे. शीर्षकाचं पान नाही. सुरुवातीला एका तरुण बाईचं कोरलेलं चित्र, त्यावर पातळ कागद. नावाची ओळ कसरीने खाल्ली आहे. आत डायरीसारख्या नोंदी आणि पत्रं. मधूनमधून ‘हॅवरिल’, ‘कॅरव्हॅन’ आणि ‘आइल ऑफ फ्रान्स’ हे शब्द आहेत. फ्रान्सचं पुस्तक असेल का? चित्र फ्रेम करून घ्यावं असं मावशी म्हणते.

ठसेवाला

नगरी, कृपा करून फ्रेमवाल्याकडे जाऊ नका! चित्र कापू नका. थोडं सविस्तर लिहितो.

आइल ऑफ फ्रान्स म्हणजे आजचं मॉरिशस. हॅवरिल हे मॅसॅच्युसेट्समधलं गाव. कॅरव्हॅन हे जहाजाचं नाव, ते फेब्रुवारी 1812 मध्ये सेलमहून निघालं. त्यावर अमेरिकेने परदेशात पाठवलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी दोन जोडपी होती. त्यांतली एक हॅरिएट न्यूवेल, वय अठरा. कलकत्त्याला पोचल्यावर कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितलं. मॉरिशसच्या वाटेवर जहाजावर तिला मुलगी झाली, पाच दिवसांत गेली. 30 नोव्हेंबर 1812 ला हॅरिएट स्वतः गेली, नुकती एकोणीस वर्षांची. तिच्या डायऱ्या आणि पत्रं 1814 मध्ये बॉस्टनला पुस्तकरूपाने आली आणि पुढे कितीदा तरी छापली गेली, सुरुवातीला तिची कोरीव तसबीर घालून. न्यू इंग्लंडमधल्या घराघरांत हे पुस्तक होतं. ज्या समाजाने मुख्यतः म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या तसबिरी कोरल्या होत्या, त्यात एका तरुण मुलीचा चेहरा आला.

तिचा नवरा सॅम्युअल न्यूवेल नंतर मुंबईला आला आणि 1821 मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. त्याचे सोबती गॉर्डन हॉल आणि नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले होते. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्यानेच गेले. अमेरिकन मराठी मिशन म्हणतात ते यांचंच. नगरचं ठाणं 1831 चं.

तुमच्याकडचं कुठल्या आवृत्तीचं ते पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पानांच्या वरच्या कडेला चालू मथळा असतो, तो वाचा. चित्राभोवती चौकोनी खळगा लागतो का बघा. पातळ कागदाच्या आतल्या बाजूला उलटा चेहरा उमटलाय का, तेही बघा.

कृष्णाकाठ

याच मिशनच्या मुंबईच्या छापखान्यात पुढे निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहानपणी कामाला होते. आणि ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. तेव्हा नगरी, तुमची ट्रंक योग्य गावात आहे.

नगरी

मी रविवारी नगरला जाऊन आलो. चालू मथळा आहे: ‘मिसेस न्यूवेल’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. खळगा लागतो, तीन बाजूंनी. चौथी बाजू बांधणीत गेली आहे. पातळ कागद उजेडात धरला तर आत तपकिरी रंगात तीच बाई, उलटी. मावशीने आधी कधी तो कागद उचलूनच पाहिला नव्हता. ती म्हणाली, ही तर आपल्या सुमीच्या वयाची आहे.

मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आजीचं मराठी अक्षर सापडलं. मुलींची नावं आणि पुढे तारखा, बहुतेक कुणाला वाचायला दिलं त्याची नोंद. अकरा नावं आहेत. फ्रेमचा विषय संपला. आता कसं ठेवू तेवढं सांगा.

रेघोटी

नगरी, चिकटपट्टी, डिंक, लॅमिनेशन काही नको. उन्हात वाळवू नका. कसर लागली आहे, म्हणून आधी प्रत्येक पान मऊ कोरड्या ब्रशने झाडा, शिलाईकडून बाहेर. तो पातळ कागद काढू नका, तो चित्राचाच भाग आहे. न रंगवलेलं, धुऊन खळ काढलेलं मांजरपाट घ्या, त्यात गुंडाळा आणि आडवं ठेवा, ट्रंकेच्या तळाशी नव्हे, वर. पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्या.

नगरी

मांजरपाट मावशीकडे होतं. काल धुऊन वाळत घातलंय.